माती सगळीकडे, किल्ली एकाकडे

वरातीपुढे डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे आता दिसत नाहीत. पण पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती बत्ती नक्की आठवत असेल. काचेच्या आत एक पांढरी जाळी बांधलेली असे. पंप मारला की ती जाळी लख्ख पेटायची आणि नुसते बोट लागले तरी तिची राख व्हायची. दुकानात तिला मँटल म्हणत. ज्या वस्त्यांमध्ये वीज फार उशिरा पोहोचली, तिथल्या सभा, लग्ने आणि रात्रीचे वर्ग याच जाळीच्या उजेडात झाले. उजेड वरातीचा, ओझे मात्र बत्ती वाहणाऱ्याच्या डोक्यावर, ही गोष्ट वेगळी.

त्या जाळीत काय असे? सुती कापड थोरियम आणि सेरियम या धातूंच्या क्षारांत भिजवून ती तयार करीत. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने ही युक्ती १८९१ च्या सुमारास पक्की केली आणि युरोपातील शहरांचे रस्ते तिने उजळले. पण त्यासाठी लागणारे मोनाझाइट नावाचे खनिज हवे तेवढे मिळत नव्हते. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू तपासली. नारळाच्या काथ्याबरोबर फुकट आलेली ती वाळू! तिच्यात मोनाझाइट निघाले. शोंबर्ग थेट त्रावणकोरला आला आणि मणवाळकुरिची येथे त्याने कारखाना घातला. हे गाव आज तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले, ब्रिटिशांनी शोंबर्गला पकडले आणि धंदा ब्रिटिश कंपनीच्या हाती गेला. म्हणजे या मातीसाठी देशादेशांची ओढाताण आजची नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे.

आज वर्तमानपत्रांत "रेअर अर्थ" किंवा "दुर्मिळ खनिजे" असे मथळे येतात, ते याच कुळाबद्दल. त्यात १७ मूलद्रव्ये आहेत. थोरियम त्यांच्यातले नाही, पण मोनाझाइटमध्ये ते त्यांच्या सोबत राहते. सेरियम, लँथनम, निओडिमियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, इट्रियम अशी त्यांची नावे आहेत. नावे ऐकून दचकू नका, ही मंडळी आपल्या घरात केव्हाच आली आहेत. मोबाइलच्या स्पीकरमधले आणि तो थरथरतो त्या इवल्या मोटारीतले लोहचुंबक निओडिमियमचे असते. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग युरोपियमचा होता. चष्म्याची काच सेरियमच्या भुकटीने घासून गुळगुळीत करतात. एमआरआय काढताना कधी कधी शिरेतून जे औषध देतात, त्यात गॅडोलिनियम असते. विजेवर चालणारी बहुतेक स्कूटर आणि मोटार यांना फिरवणारे चुंबक याच कुळातले, आणि अमेरिकेच्या एका एफ-३५ लढाऊ विमानात ही द्रव्ये सुमारे ४१७ किलो लागतात असे तिथल्या संसदेच्या संशोधन विभागाने नोंदवले आहे.

दुर्मिळ नाहीत, निवडायला कठीण आहेत

या नावात एक मोठी फसगत आहे. ही मूलद्रव्ये दुर्मिळ नाहीत. सेरियम पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ तांब्याएवढे आहे. या कुळातले जवळजवळ सगळे, अगदी कमी आढळणारेसुद्धा, सोन्याच्या कितीतरी पट जास्त आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे चीनजवळ ४ कोटी ४० लाख टन साठा आहे, ब्राझीलजवळ २ कोटी १० लाख टन आणि तिसऱ्या क्रमांकावर आपला भारत, ६९ लाख टन. मग अडचण कुठे आहे?

आपल्या आयाबहिणींना सूप हातात दिले तर तांदळातला कोंडा त्या क्षणात उडवतील आणि खडेही वेचून काढतील. पण समजा, एकाच आकाराचे, एकाच वजनाचे आणि एकाच रंगाचे दोन जातींचे तांदूळ कुणी एकत्र मिसळून दिले, तर? सूप तिथे काय करणार? इथे तर दोन नव्हे, पंधरा-सोळा जाती एकत्र असतात. एकाच दगडात ही भावंडे घट्ट बसलेली असतात आणि त्यांचे रासायनिक वागणे इतके सारखे, की एकाला हलवले तर दुसरेही हलते. त्यामुळे दगड आम्लात विरघळवायचा, ते पाणी रॉकेलसारख्या द्रवात घुसळायचे, वेगळे होऊ द्यायचे, पुन्हा घुसळायचे. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत, अशा शेकडो टाक्या. प्रत्येक टाकीत तसूभर फरक पडतो. शेवटच्या टाकीत जे शुद्ध उरते त्याला किंमत असते. मधल्या सगळ्या टाक्यांतून निघते आम्लाचे पाणी, अमोनियाचे पाणी आणि गाळ. मोनाझाइट असेल तर त्या गाळात थोरियमही असते, म्हणजे किरणोत्सर्ग आला.

सगळ्या जागतिक भांडणाचे मूळ या मधल्या टाक्यांत आहे. दगड अनेकांजवळ आहेत. चुंबक सगळ्यांना हवे आहे. मधले काम आपल्या दारात नको, असे मात्र श्रीमंत देशांनी एकामागून एक ठरवले.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात माउंटन पास येथे १९४९ साली हे खनिज सापडले. साठच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत जगाला मुख्यतः याच खाणीने पुरवठा केला. नव्वदीच्या दशकात तिथून सांडपाणी वाहून नेणारी नळी पुन्हा पुन्हा फुटली, खटले झाले, आणि चीनचा माल स्वस्त पडू लागला. २००२ साली खाण बंद पडली. चुंबकाचेही तेच झाले. निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी शोधले गेले. अमेरिकेत ते जनरल मोटर्सने शोधले. तिने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली. १९९५ साली ती ज्या गटाला विकली, त्यात चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत इंडियाना राज्यातले तिचे कारखाने बंद झाले आणि काम चीनला गेले. कागदावर तो एक सौदा होता. त्या गावांतल्या कामगारांसाठी भोंगा वाजायचा थांबला.

बुकित मेरा

मलेशियात पेराक राज्यात इपोह शहराजवळ बुकित मेरा नावाची वस्ती आहे. कथिलाच्या खाणीतून उरलेल्या वाळूत मोनाझाइट असते. ते गाळून त्यातून इट्रियम काढण्यासाठी १९८२ साली तिथे एशियन रेअर अर्थ या कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्यात जपानच्या मित्सुबिशी केमिकलची भागीदारी होती. माल जपानला, कचरा गावाला. थोरियम असलेला गाळ कुठे टाकायचा हे धड ठरलेले नव्हते. जवळच्या पापान गावात तो टाकण्याचे घाटले, तेव्हा १९८४ साली तिथले लोक रस्त्यावर उतरले. १९८५ मध्ये बुकित मेराच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली आणि काम थांबवण्याचा हुकूम मिळवला. १९८७ मध्ये कंपनीने काम पुन्हा सुरू केले, तेव्हा लोकांनीही पुन्हा मोर्चे काढले.

या वस्तीची लोकसंख्या सुमारे ११ हजार होती. तिथे पाच वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचे आठ रुग्ण निघाले, त्यांतले सात पुढे दगावले. त्यापूर्वी बरीच वर्षे असा रुग्ण नव्हता, असे गावकरी सांगत. कारखान्याशी याचा काही संबंध नाही, असे कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली. ११ जुलै १९९२ रोजी इपोहच्या उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा निकाल दिला. १९९३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे कोर्टात कंपनी जिंकली! पण लोकांचा रेटा एवढा होता, की १९९४ च्या जानेवारीत कंपनीने स्वतःच गाशा गुंडाळला. त्यानंतर कित्येक वर्षे सफाई चालली. तिचा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला, ११ हजार ट्रक दूषित माती आणि मलबा तिथून हलवावा लागला. ज्यांनी हे घडवून आणले, ते छोटे दुकानदार, शेतमजूर आणि मुलाबाळांच्या आया होत्या. त्यांच्यापैकी कुणालाही इट्रियम म्हणजे काय, हे आधी ठाऊक नव्हते.

चीनने काय केले

जे काम इतरांनी दारातून हाकलले, ते चीनने घरात घेतले. आतल्या मंगोलियात बायान ओबो येथे लोखंडाची प्रचंड खाण आहे. लोखंडाबरोबर तिथे हीच द्रव्ये निघतात. निवडण्याची विद्या मात्र चीनजवळ नव्हती. पेकिंग विद्यापीठातले श्यू ग्वांगश्यान (१९२० ते २०१५) यांच्यावर १९७२ साली दोन अगदी सारख्या भावंडांना, म्हणजे प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम यांना, वेगळे करण्याची जबाबदारी आली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचाही छळ झाला होता. त्यांनी टाक्यांची रांग कशी लावायची, कोणत्या टाकीत किती द्रव घालायचा, याचे गणितच बसवले. पूर्वी ज्याला महिनोन्‌महिने प्रयोग करून अंदाज घ्यावा लागे, ते आकडेमोड करून ठरवता येऊ लागले. हे ज्ञान चीनमधल्या लहानमोठ्या कारखान्यांपर्यंत पोहोचले. आपल्याकडे पालक मुलाला कॉम्प्युटरला घालण्यासाठी कर्ज काढतात, पण धातुशास्त्राची शाखा आहे कुठे, हे विचारणारा विरळाच. वास्तविक एका रसायनशास्त्रज्ञाच्या वहीतल्या गणिताने महासत्तांना हात जोडायला लावले आहे.

१९९२ साली देंग श्यावपिंग यांनी दक्षिण चीनच्या दौऱ्यात मध्यपूर्वेचे तेल आणि चीनची ही खनिजे यांची तुलना केली, असे सांगितले जाते. त्यांचा अंदाज चुकला नाही. २०२४ साली जगात ही द्रव्ये सुमारे ३ लाख ९० हजार टन निघाली, त्यांपैकी २ लाख ७० हजार टन चीनमध्ये. शुद्ध करण्याच्या आणि चुंबक बनवण्याच्या कामात तर दर दहापैकी नऊ हिस्से चीनकडे आहेत. अमेरिकेने माउंटन पासची खाण पुन्हा उघडली, तरी तिथला दगड बरीच वर्षे निवडण्यासाठी चीनलाच जात होता. एप्रिल २०२५ मध्ये तो जायचा थांबला.

घाण काम करणाऱ्याच्या हाती सत्ता आली, असे आपल्या गावगाड्याने कधी पाहिले नाही. मग चीनमध्ये ते कसे घडले? बारकाईने पाहिले तर तिथेही घडले नाही. सत्ता आली ती बीजिंगच्या हाती. बाओटू शहराच्या बाहेर कारखान्यांच्या गाळाचे सुमारे १० चौरस किलोमीटरचे तळे साचले आहे, पिवळी नदी तिथून फार लांब नाही. आसपासच्या गावांत विहिरी नासल्या, पिके करपली, जनावरे मेली, आणि माणसे गाव सोडून गेली. ज्यांनी ही विद्या उभी केली, त्या श्यू ग्वांगश्यान यांनीच इतर शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन २००५ साली सरकारकडे अर्ज केला, की बायान ओबोचे थोरियम असे उघड्यावर टाकू नका, बाओटू आणि पिवळ्या नदीला धोका आहे. दक्षिणेला ग्वांग्जौ नव्हे, जियांग्शी प्रांतातल्या गांजौ भागात, तर डोंगरात नळ्या खुपसून अमोनियम सल्फेट सोडले जाई आणि खालून निथळणारे पाणी गोळा केले जाई. २०१२ साली चिनी अधिकाऱ्यांनीच सांगितले, की एकट्या गांजौच्या सफाईला ३,८०० कोटी युआन लागतील.

मग चीननेही तेच केले, जे श्रीमंत देशांनी केले होते. घरात कडक नियम आले, तसे डोंगर पोखरण्याचे काम सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन प्रदेशात सरकले. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२२ मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिथे सुमारे ३०० ठिकाणी २,७०० हून अधिक निळी डबकी मोजली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पांगवा हे खाणींचे ठाणे काचिन बंडखोर सैन्याने जिंकले, आणि एका डोंगराळ सशस्त्र संघटनेच्या हातात जगाच्या डिस्प्रोशियमची एक दोरी आली.

किल्ली फिरवली की काय होते

७ सप्टेंबर २०१० रोजी सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी बोट जपानी तटरक्षक जहाजांवर आदळली. जपानने कप्तानाला अटक केली. थोड्याच दिवसांत चिनी बंदरांतून जपानला जाणारा हा माल थांबला. लेखी बंदी नव्हती, पण जहाज काही सुटेना. २४ सप्टेंबरला जपानने कप्तानाला सोडण्याचे जाहीर केले. जपान यातून शिकला: ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला त्याने पैसा दिला आणि तिचा निवडण्याचा कारखाना २०१२ च्या अखेरीस सुरू झाला. कुठे, तर पुन्हा मलेशियात, क्वांतानजवळ. बुकित मेरा न विसरलेले लोक त्याविरुद्ध क्वांतानहून क्वालालंपूरपर्यंत पायी गेले.

अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये आयातकर वाढवले, तेव्हा चीनने ४ एप्रिलला सात द्रव्ये आणि त्यांची चुंबके परवान्याखाली आणली. डिस्प्रोशियम त्यात होते. हे चिमूटभर घातले तरच चुंबक मोटारीच्या उष्णतेत टिकते. मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद राहिला, जपानात सुझुकीची स्विफ्ट अडली. जुलैमध्ये राजीव बजाज यांनी सांगितले, की ऑगस्टमध्ये विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन शून्यावरही येऊ शकेल. ही स्कूटर आकुर्डीची. पुढे काही चुंबके आली आणि काम चालू झाले. पण आकुर्डी, चाकण, भोसरी या पट्ट्यात आपल्यातली किती घरे कंत्राटी शिफ्टवर चालतात, हे वाचकांना सांगायला नको. एक खोके बंदरात अडकले की शिफ्ट कमी, शिफ्ट कमी की किराण्याची उधारी.

आणि हे खोके केवढ्याचे? २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ८७० टन चुंबके आणली, त्यांची किंमत ३०६ कोटी रुपये. देशाच्या आयातीत हा आकडा कुठे दिसणारही नाही. मीठ चिमूटभरच लागते, पण ते नसले तर सगळा स्वयंपाक अळणी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने आणखी पाच द्रव्ये आणि आणखी कडक नियम जाहीर केले. ३० ऑक्टोबरला बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, त्यानंतर हे नवे नियम १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित झाले. एप्रिलचे नियम त्या तडजोडीत उठले नाहीत.

आपली वाळू

एक काळ असा होता, की ही किल्ली आपल्या हातात होती. १९४६ मध्ये मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. १९५१ साली देशात अन्नाचा दुष्काळ होता आणि अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला होता. तिथल्या काँग्रेसमधल्या काही सभासदांनी धरून ठेवले: गहू हवा तर मोनाझाइट द्या. अन्नासाठी राजकीय अटी मान्य करणार नाही, असे नेहरूंनी रेडिओवरून सांगितले. अखेर १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने गहू आला. त्याआधीच, १९५० साली, इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. १९५२ च्या डिसेंबरात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने केरळात आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. चीनमध्ये श्यू ग्वांगश्यान यांच्या हाती हे काम येण्याच्या वीस वर्षे आधी! कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, रोज हजारो लोक त्याच्यासमोरून बसने जातात.

पण आपण थोरियमकडे अणुशक्तीच्या नजरेने पाहिले. बाकीची भावंडे मागे राहिली. २०२४ मध्ये भारताचे उत्पादन अवघे २,९०० टन होते, आणि त्यातलाही मोठा वाटा विशाखापट्टणमहून जपानला जात होता. जून २०२५ मध्ये ती निर्यात थांबवून माल देशात ठेवण्यास सरकारने कंपनीला सांगितल्याची बातमी आली. पण ठेवून करायचे काय? २०२३ मध्ये विशाखापट्टणमला देशाला अर्पण केलेला चुंबकांचा सरकारी कारखाना वर्षाला ३,००० किलोचा आहे, तोही दुसऱ्या जातीच्या चुंबकांचा. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. त्यातून वर्षाला ६,००० टन चुंबके बनवण्याची क्षमता उभी करायची आहे.

चुंबके वाढली की वाळूही जास्त लागणार. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात समुद्र आणि कालवा यांच्यामध्ये आलप्पाड नावाचे कोळ्यांचे चिंचोळे गाव आहे. २००४ च्या सुनामीत केरळात सर्वांत मोठा फटका याच गावाला बसला. तिथली काळी वाळू मुख्यतः टायटॅनियमसाठी उपसतात, मोनाझाइट तिच्याबरोबर निघते. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की १९५५ च्या नकाशात गावाचे क्षेत्र ८९.५ चौरस किलोमीटर होते आणि आज ७.६ उरले आहे. बाकी समुद्राने घेतले, आणि वाळूच्या उपशाने समुद्राला वाट करून दिली. १ नोव्हेंबर २०१८ पासून त्यांनी साखळी उपोषण धरले. त्यांची मागणी साधी होती: उपसा थांबवा, उरलेली जमीन आमच्याकडे राहू द्या. त्या पट्टीवरच्या किती घरांना आज मागच्या दारातून समुद्र दिसतो आणि पुढच्या दारातून कालवा.